मिरचीची नव्हती ती लाली

माझा आजार तीन दिवसांचा होता. अंगावर लाली, थोडी कणकण, बोटांची पेरं दुखली आणि संपलं. याला आजारपण म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. मीही तेच म्हणायचे. पण त्या तीन दिवसांनी माझे पुढचे सात-आठ महिने खाल्ले. माझ्यासोबत आजारी पडला तो माझ्या पोटातला बोराएवढा जीव, ज्याला तेव्हा धड चेहराही नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायकांसाठी मी हे लिहिते आहे. औषधांचं, तपासण्यांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी फक्त त्या बाकावर माझं काय झालं ते सांगते.

देठ खुडताना

आम्ही कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. प्रशांत, माझे यजमान, केंद्रात टेक्निशियन आहेत. मी घरी ब्लाउज शिवते. सासर भिवापूरजवळ, घरची मिरचीची शेती. दर वर्षी मिरची वाळली की आम्ही आठवडाभर तिकडे जातो आणि घरातल्या सगळ्या बाया अंगणात ताडपत्रीवर बसून मिरचीचे देठ खुडतात. कुणाला सुटी नाही. सून नागपूरची असो नाहीतर अमेरिकेची.

त्या वर्षी मी गेले तेव्हा मला दिवस गेलेले होते. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्याआधी एकदा राहिलं होतं, तेव्हा आनंदाच्या भरात सगळ्या गावाला पेढे वाटले आणि पंधरा दिवसांनी ते गेलं. मग घरोघरी जाऊन पेढे परत मागून आणल्यासारखं वाटलं मला. आमच्याकडे तीन महिने पोटातलं कुणाला सांगत नाहीत. मागच्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं होतं. या वेळी मी तोंड असं शिवून घेतलं की सासूबाईंनाही कळू दिलं नाही. प्रशांतना आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला मिरचीच्या ढिगालाही शिवू दिलं नसतं. न सांगता मी सगळ्यांत पुढे जाऊन बसले. माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ, कल्पना. ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचे डोळे लाल झालेले, गालावर बारीक लाल ठिपके. मी विचारलं तर म्हणाली, “मिरची बाधली ताई. दरसाल बाधते मले.”

आम्ही दिवसभर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. एकाच तांब्यातलं पाणी प्यालो. उन्हात लाल ढीग, हवेत तिखट वास, ठसके, हसणं. मला ते दिवस आठवतात ते पातळ लाल पडद्यातून बघितल्यासारखे. मी कामात असले तरी मन आत लागलेलं असायचं. मधूनच हात थांबायचा, आणि मी कुणाला न कळता पोटाशी बोलायचे.

कोराडीला परत आल्यावर दोन आठवड्यांनी माझ्याही चेहऱ्यावर लाली आली. चेहऱ्यावरून गळ्यावर, गळ्यावरून पोटावर. कानामागे दोन गाठी सुजल्या. मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मिरची उशिरा फुटली वं तुले. तूप लाव, दोन दिवसात उतरते.” मी तूप लावलं. तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ. मी मशीनवर बसले आणि राहिलेला ब्लाउज पुरा केला.

दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मागच्या महिन्यात ताप? अंगावर पुरळ?”

मी म्हणाले, “नाही.”

मी खोटं बोलले नाही. माझ्या लेखी ते पुरळ नव्हतंच, ती मिरची होती. आमच्या घरी मिरचीच्या दिवसांत येणारी लाली कुणी आजारात धरत नाही. पण त्या ‘नाही’नं माझे तीन आठवडे गेले.

कल्पनाचा फोन

मार्चमधली दुपार होती. मी गांधीबागेतून अस्तराचं कापड घेऊन, वसाहतीकडची गाडी धरायला नुकतीच बसमधून उतरले होते. पिशवी खांद्यावर, समोरून कोळशाचे ट्रक जात होते, आणि फोन वाजला.

“ताई, ते मिरचीचं नव्हतं वं.”

मला वाटलं मालाचं काहीतरी बोलते आहे.

“माह्या अंगावरचं म्हणते मी. अंगणवाडीतल्या पोराईले निघालं होतं. आशाताईनं रक्त तपासाले नेलं. तो जर्मन गोवर होय म्हणते, रुबेला. मोठ्या माणसाले काही होत नाही म्हणे. फक्त पोटुशी बाई असली तर...” ती थांबली आणि सहज म्हणाली, “आपल्यात कोणी नाही म्हणा.”

 ती दोनदा हॅलो म्हणाली. मी तिथेच, बसथांब्याच्या पत्र्याखाली खाली बसले. ट्रक गेला की बारीक राख उडायची आणि माझ्या पिशवीवर बसायची. मी ती बोटानं पुसत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही. तेवढ्यात माझी घरी जाणारी गाडी दोनदा आली आणि गेली असावी.

डॉक्टरीणबाईंचा कागद

रक्ताच्या तपासणीत ते निघालं. मला लाली आली तो माझा आठवा आठवडा होता, हे डॉक्टरीणबाईंनी तारखा मोजून सांगितलं. त्या पन्नाशीच्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, “घाबरायचं नाही, असं मी तुला म्हणणार नाही. घाबरण्यासारखं आहे. पण कशाला घाबरायचं ते नीट माहीत असलेलं बरं.”

मी विचारलं, “आठव्या आठवड्यात बाळाचं काय चाललेलं असतं?”

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीचा कोरा कागद ओढला आणि पेननं काढायला लागल्या. एक वाकलेलं, घेवड्याच्या दाण्यासारखं काहीतरी. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. म्हणाल्या, डोळे आधी असे बाजूला असतात, पाखरासारखे. मग हळूहळू पुढे येतात. मेंदूतून एक देठ बाहेर येतो, त्याच्या टोकाला वाटी तयार होते. ती वाटी कातडीला टेकली की कातडी तिथे आत दबते, खळगा पडतो, तो बंद होतो आणि त्याचं भिंग होतं. वाटीला खालून एक फट असते, ती सातव्या आठवड्याच्या आसपास मिटते.

मी म्हणाले, “म्हणजे कटोरी ब्लाउजसारखं.”

त्या थांबल्या. मग हसल्या. “होय. आणि शिवण खालच्या अंगाला.”

आणि कान? कानांचंही तसंच, म्हणाल्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कातडीला खळगी पडते, मिटते, थेंबाएवढी पिशवी होते. ती पिशवी वाढत वाढत वळसे घेते, गोगलगायीसारखी. बाहेरून दिसणारा कान तर आधी मानेपाशी असतो आणि चेहरा वाढतो तसा वर सरकतो. गाल दोन्हीकडून येतात आणि वरच्या ओठापाशी भेटतात. “हे बघ,” त्यांनी माझ्या नाकाखालच्या पन्हळीवर पेनचं टोपण टेकवलं, “इथे.”

मी घरी येईपर्यंत ओठावरच्या त्या पन्हळीवर बोट ठेवून होते. बसमध्ये सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. कंडक्टरला ती होती. दोन कॉलेजच्या पोरींना होती. एका म्हाताऱ्याला मिशांखाली असणारच. इतके सगळे जण कधीतरी दोन्हीकडून येऊन मधे जुळलेले, आणि कुणाला त्याचं काही नाही. सगळे कसे बिनघोर खिडकीबाहेर बघत होते.

त्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी दुसरंही लिहून दिलं होतं. डोळे, कान, काळीज. यातलं एखादं, सगळी, किंवा एकही नाही. किती शक्यता, तेही त्यांनी सांगितलं. मी आकडा ऐकला आणि विसरायचा म्हणून विसरले. गर्भाभोवतीच्या पाण्याची तपासणी करता येते, पण तिनंही पक्कं कळत नाही, म्हणाल्या. गर्भ काढायचा असेल तर कायद्यानं वेळ आहे, आठ-दहा दिवसांत सांगा. निर्णय तुमचा. मी रागावणार नाही आणि शाबासकीही देणार नाही, म्हणाल्या.

आठ दिवस

प्रशांतनी पहिल्यांदा विचारलं ते हेच: “तू डॉक्टरीणबाईले काहून नाही सांगितलं लालीचं?”

मी म्हणाले, “तुम्ही तरी कुठे म्हणालात, जा दाखवून ये?”

मग दोन दिवस आम्ही एकमेकांशी मीठ-तिखटापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर ते बूट न काढताच पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, “दिसत नाही, ऐकू येत नाही, असं लेकरू झालं तर मी काय करू? त्याले हाक कशी मारू? मले सांग. मी काढून टाक म्हणत नाही. मी भेऊन राहिलो.” सात वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझा राग तिथेच विरला. आम्ही दोघं रडलो. रडून झाल्यावर त्यांनीच कुकर लावला.

सासूबाई कळल्याबरोबर पहिल्या गाडीनं आल्या. आल्या त्या दारातच माझे हात धरून म्हणाल्या, “मीच बसवलं तुले मिरचीत. मीच तूप लाव म्हटलं.” मी म्हणाले, आई, तुम्हाला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, “तेच तं. एवढं मनात धरून बसली तू, अन् मले सांगितलं नाही.”  मागच्या वेळचं दुःख टाळायला मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यानंच मला ताडपत्रीवर नेऊन बसवलं. यासाठी स्वतःला माफ करायला मला फार दिवस लागले. तुम्हाला म्हणून सांगते, सगळ्या गावाला नका सांगू, पण घरातल्या एका शहाण्या बाईला सांगा. आणि दिवस राहायच्या आधी रुबेलाची लस झाली आहे का, ते विचारून घ्या. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्या आठ दिवसांत दुपारी मी पडून असायचे. बाहेर ऊन चढायला लागलं होतं, कूलरचं पाणी नुकतंच सुरू केलेलं. खसाचा ओला वास, पंख्याची घरघर, पडद्यातून येणारा हिरवट उजेड. डोळे मिटले की मी जागी आहे की झोपेत ते कळायचं नाही. मला वाटायचं, आपण दोघीही पाण्यात आहोत, मी आणि पोटातली ती. (ती की तो, मला माहीत नव्हतं. पण मी ती म्हणायचे.) तिचे डोळे बाजूंनी हळूहळू पुढे तरंगत येत आहेत. कान मानेपासून वर चढत आहेत, घाट चढणाऱ्या गाडीसारखे, थांबत थांबत. गाल लांबून येत आहेत. मधेच लाल धूळ उडायची, सगळं दिसेनासं व्हायचं, आणि मी हातानं ती बाजूला करत राहायचे. धूळ निवळली की ती तिथेच असायची, आपल्या कामात गढलेली. डोकं खाली घालून, मशीनवर बसलेल्या बाईसारखी. माझ्याकडे तिचं लक्षच नसायचं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय ठरलं? मी धीराचं, मोठेपणाचं काही बोलले नाही. माझ्या तोंडून ‘काढा’ हा शब्द निघाला नाही, इतकंच झालं. एखादीच्या तोंडून निघाला तर मी तिला नावं ठेवणार नाही. मी त्या बाकावर बसलेली आहे.

प्रशांत म्हणाले, “ठेवू.” 

लांब उन्हाळा

मग वाट बघणं. सोनोग्राफीच्या खोलीतला तो थंड चिकट पदार्थ पोटावर आणि पडद्यावर करडं, हलणारं चांदणं. काळजाचे चारही कप्पे दिसले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचे गोल आहेत, भिंगंही ठीक वाटतात, पण मोतीबिंदू असेल तर तो जन्मल्यावरच नक्की कळेल. मी विचारलं, “आणि ऐकू?” ते म्हणाले, “कान दिसतात. ऐकणं दिसत नाही.” मशीनवाल्या माणसानं इतकं खरं बोलावं याचं मला त्या दिवशीही बरं वाटलं होतं.

सहावा महिना लागला की बाळाला बाहेरचं ऐकू येतं, असं कळल्यावर सासूबाईंनी घराचा कारखाना केला. त्या आमच्याकडेच राहिल्या होत्या. मी पडले की हळूच येऊन पोटाजवळ ताटली वाजवायच्या. मिक्सर चालू करून माझ्या तोंडाकडे बघायच्या. “हललं का वं?” मी हो म्हटलं की खुशीत जायच्या, नाही म्हटलं की म्हणायच्या, “झोपलं असन.” कुकरची शिट्टी झाली की मी, प्रशांत आणि सासूबाई, तिघंही माझ्या पोटाकडे बघायचो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे वरण फार वेळा शिजलं.

एकदा प्रशांत पोटापाशी तोंड नेऊन म्हणाले, “मी बाप होय तुहा. आईक.” आणि लाजून उठून गेले. नेमकी तेव्हा तिनं जोरात लाथ मारली. आवाजानं की सहज, देव जाणे. मी त्यांना सांगितलं, आवाजानं.

मनू

सप्टेंबरात ती झाली. वजनानं जरा कमी, बाकी रडणं भरपूर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत. काळजाची तपासणी झाली, तेही ठीक. दर वेळी मी पदराचं टोक तोंडात धरून उभी असायचे. तिच्या ओठावरची पन्हळ मी स्वतः बघितली, बोट न लावता.

कानांची तपासणी तिसऱ्या दिवशी. एक मुलगी छोटं यंत्र घेऊन आली, मनूच्या डाव्या कानात रबराचं बोंड घातलं. यंत्रावर हिरवी खूण आली. मग उजव्या कानात घातलं. ती बघत राहिली. पुन्हा घातलं. म्हणाली, “जन्मानंतर कधीकधी कानात पाणी असतं. महिन्यानं परत या.” महिन्यानं परत गेलो. तेच. मग तिला झोपवून, कपाळाला आणि कानामागे पट्ट्या चिकटवून मोठी तपासणी झाली. मनू गाढ झोपली होती. खोलीत अगदी शांत होतं, आणि त्या शांततेत तिच्या कानात किती मोठमोठे आवाज सोडत होते, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. मला ते सगळं फार लांबचं, कुणाच्या तरी स्वप्नातलं वाटत होतं.

डावा कान चांगला. उजव्याला काहीच नाही, सगळ्यात मोठ्या आवाजालाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एका कानावर बोलणं नीट येईल, शाळा होईल. डावा कान जपा. डोळे आणि डावा कान दर काही महिन्यांनी तपासत राहा, कारण या आजाराचं कधी उशिरानंही निघतं. आवाज कुठून येतो, ते मात्र तिला कळणार नाही. रस्त्यावर जपावं लागेल. प्रशांतनी सगळं नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले, बाहेर आल्यावर म्हणाले, “एक तं आहे.”  मला सुटल्यासारखंही वाटलं आणि आतून कुणी पिळतही होतं. दोन्ही एकदम होतं, ते तेव्हा कळलं.

सासूबाईंनी घरी येऊन पाळणा फिरवला, उजवी बाजू भिंतीकडे, डावी घराकडे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. कल्पना बारशाला आली तेव्हा तिला मनूला घ्यायचा धीर होईना. दारातच उभी. मी मनूला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “डाव्या बाजूनं बोल.” ती नुसती हुंदके देत राहिली. मनू तिच्या कुंकवाकडे टक लावून बघत होती.

मनू आता पाच महिन्यांची आहे. काल दुपारी ती चटईवर पालथी पडून स्वतःच्या मुठीशी खेळत होती. मी तिच्या उजवीकडे बसून ब्लाउजला हुक लावत होते. विसरले, आणि बसल्या जागेवरून हाक मारली, “मनू.”

तिनं मूठ सोडली. मान उचलली आणि डावीकडे वळवली. तिथे कुणी नव्हतं. पलंगाचा पाय आणि फरशीवरचं ऊन. पण तिचा चेहरा आधीच हसायला लागला होता. आई तिथेच आहे आणि आत्ता दिसेल, याची तिला जराही शंका नव्हती. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत, हसत वाट पाहत राहिली.

मी ब्लाउज खाली ठेवला, तिच्या पायांकडून वळसा घालून पलीकडे गेले, आणि ती बघत होती तिथे जाऊन बसले.